बॉयलरच्या पुस्तिकेतील अर्धे वाक्य समजले असून उरलेले तातडीने समजावून मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : वरीलप्रमाणे. अत्यंत तातडीचे.
संदर्भ : पाळीत बॉयलर सोडून गेटवर गेल्याबद्दल मला सोमवारी मिळालेला मेमो.

महोदय,

१. मी तळघरात सकाळच्या पाळीला बॉयलर चालवतो. जुना बॉयलर मला घरच्या माणसासारखा ओळखीचा होता. नवीन बसवला तेव्हा कंपनीचा माणूस आमच्या हाती एक सरकारी मोबाईल देऊन गेला. त्यात पुस्तिका वाचण्याचे ॲप आहे आणि त्याला शब्दकोशाचे ॲप जोडलेले आहे. पुस्तिका परक्या भाषेत. शब्दावर बोट दाबून धरले की आपल्या भाषेत अर्थ येतो, हे त्याने वर, गेटपाशी उभे राहून करून दाखवले. आम्ही सगळ्यांनी "वा!" म्हटले. तळघरात रेंजच येत नाही, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आले नाही. माझ्याही नाही.

२. वाफ चालू असताना चालकाने खोली सोडायची नाही, असा नियम आहे. सोमवारी एका शब्दासाठी मी धावत गेटवर गेलो, तर संदर्भातील मेमो हातात पडला. तेव्हापासून मी आणि माझा दुपारपाळीचा जोडीदार असे करतो, की ज्याची पाळी संपेल त्याने मोबाईल घेऊन गेटवर जायचे, अर्थ बघायचे, परत येऊन दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचे आणि मग घरी जायचे. शब्दकोश फुकटचा असल्यामुळे प्रत्येक अर्थाआधी केसगळतीच्या तेलाची जाहिरात लागते. थोडे शब्द झाले की "आजची मर्यादा संपली" असे येते. एकेक वाक्य पदरात पडायला दिवस जातो.

३. भांडारपाल साहेबांना विचारले असता, "पुस्तिका दिली, शब्दकोश दिला, आता काय घास भरवू?" असे ते म्हणाले. कंपनीचा माणूस फोन उचलत नाही.

४. परवापासून बॉयलरच्या आतून ठोके येऊ लागले. जुन्याला असा आवाज कधीच नव्हता. आम्ही रंगरंगोटीचा धडा सोडून थेट आवाजांच्या धड्यावर गेलो. काल जोडीदाराने दारावर लिहिले, "आतून ठोके ऐकू आल्यास ताबडतोब पाणी". एवढ्यावर मर्यादा संपली आणि तो घरी गेला. त्याला तरी काय बोलावे!

५. महोदय, आज सकाळपासून ठोके वाढले आहेत. ताबडतोब पाणी सोडायचे, की ताबडतोब पाणी तोडायचे? तापलेल्या बॉयलरमध्ये भलत्या वेळी गार पाणी गेले तर काय होते, ते जुन्या चालकांकडून ऐकलेले आहे. इथे लिहायला हात धजत नाही. पाण्याच्या चावीवर हात ठेवला आणि काढला, परत ठेवला, परत काढला. माझी पाचावर धारण बसली आहे, हे लिहायला मला लाज वाटत नाही. बरोबर डोक्यावर बाळंतिणींचा वॉर्ड आहे. ठोके थांबले की वरची पोरे रडताना ऐकू येतात.

६. शेवटी मी स्वतःच्या जबाबदारीवर तेल बंद करून आग विझवली आहे. पाण्याला हात लावलेला नाही. त्यामुळे गरम पाणी बंद, लॉन्ड्री बंद. शस्त्रक्रियेची हत्यारे उकळायची राहिली म्हणून मुख्य परिचारिकाबाई संतापल्या, असा निरोप लॉन्ड्रीतल्या मावशींनी आणला, ते रास्तच आहे. पण आग विझली तरी दाबाचा काटा अजून खाली येत नाही आणि ठोकेही थांबलेले नाहीत. खोली सोडून स्वतः यावे तर मेमो आहे, आणि मेमो नसता तरी बॉयलरला एकटे टाकून यायला मन होत नाही. म्हणून त्याच मावशींच्या हाती अर्ज पाठवत आहे.

तरी विनंती, की सोबतच्या मोबाईलवर उघडलेले वाक्य आपण शिकलेले असल्यामुळे शब्दकोशाशिवाय पूर्ण वाचावे आणि पाणी सोडू की नको, एवढेच मावशींजवळ सांगावे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी अर्ज वाचून दाखवला आहे. त्या म्हणाल्या, "साहेब मीटिंगमध्ये असले तरी मी दार ढकलून आत जाईन." त्यांना रागावू नये. आणि वाक्य वाचण्याच्या आधी वरच्या वॉर्डातल्या बाया आणि पोरे बाहेर काढावीत. मी उगाच घाबरलो असे निघाले, तर मला कामावरून काढावे. माझी तक्रार राहणार नाही.

मी खोलीतच आहे.

आपला नम्र,
बॉयलर चालक, सकाळची पाळी
बुधवार

सोबत : सरकारी मोबाईल. पान उघडे ठेवले आहे. चार्जिंग कमी आहे, कृपया लगेच वाचावे.