सहा आठवडे हात वर नाही

प्रिय आई,

हे पत्र बसून वाच, आणि तुझ्या सवयीप्रमाणे आधी शेवटचं पान उलटून बघू नकोस. मी बरी आहे, हे सुरुवातीलाच सांगते. आता खरं सांगते. फेब्रुवारीत मी केस रंगवण्याचा नवा कोर्स करायला वार्नाला गेलेच नव्हते. इथेच होते, प्लोवदिवमध्ये, हॉस्पिटलात. मी दोन्ही स्तन काढून घेतले, आई. आजार झाला म्हणून नाही, होऊ नये म्हणून. त्याच ऑपरेशनात छातीच्या स्नायूखाली सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले. आज आठ आठवडे झाले. काल सलूनमध्ये पहिलं गिऱ्हाईक घेतलं, तेही लांब केसांचं.

तू म्हणशील, मला का नाही सांगितलंस. नेव्हेनाला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा तिच्या डॉक्टरांनी रक्ताची ती तपासणी केली होती, आठवतं? दोष रक्तातूनच आलाय, धाकट्या बहिणीचीही तपासणी करा, असं त्यांनी लिहून दिलं होतं. तो कागद मी तीन वर्षं कात्र्यांच्या खणात ठेवला. मग गेल्या नोव्हेंबरात मी छत्तिसाची झाले. नेव्हेना गेली तेव्हा छत्तिसाचीच होती. त्या वाढदिवसाला तू फोनवर नेहमीसारखी गायलीस आणि मध्येच थांबलीस, खोकला आला म्हणालीस. मला कळलं तो कसला खोकला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन रक्त दिलं. तोच दोष माझ्यातही निघाला. पुन्हा एकदा तुला हॉस्पिटलच्या बाकावर बसवायची माझी हिंमत झाली नाही.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर कुंचेवा म्हणजे तुझ्याच वयाची, तुझ्यासारख्याच तिखट तोंडाची बाई. मला उभं करून चिमटीत कातडी धरली आणि म्हणाली, "पोरी, तू जेवतेस की नाही? ही काय कातडी आहे का कागद? नुसते हिच्याखाली ठेवले तर इम्प्लांटची कड न् कड दिसेल. मी स्नायूच्या खाली ठेवते, म्हणजे वरून जाड पांघरूण मिळेल." मग खुर्ची ओढून बसली आणि काय काय होईल ते एकेक करून सांगितलं, कारण तिच्या म्हणण्यानुसार बायका दुखण्याला भीत नाहीत, न सांगितलेल्या गोष्टीला भितात. दुखेल, कारण स्नायू सैल करून उचलावा लागतो. पहिले काही दिवस छातीभोवती कोणी लोखंडी पट्टा आवळलाय असं वाटेल. सुरुवातीला दोन्ही इम्प्लांट वर, गळ्याशी चढून बसल्यासारखे आणि दगडासारखे लागतील, तेव्हा आरशासमोर रडत बसायचं नाही, तीन ते सहा महिन्यांत ते खाली उतरतात. कातडीची जाणीव बरीचशी जाईल, कदाचित कायमची. हे आयुष्यभराचं काम नव्हे, पुढे कधीतरी बदलावे लागतील. आणि सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, मी केस कापते. दिवसभर माझे हात वरच असतात." तर म्हणाली, "मग सहा आठवडे शहराचे केस वाढू देत."

हे सगळं मी एकटीनेच करणार होते. पण जानेवारीत बाबा दाताच्या डॉक्टरकडे म्हणून आले आणि मला न कळवता दारात उभे राहिले, हातात तुझ्या भाजलेल्या मिरच्यांची बरणी. टेबलावर हॉस्पिटलचे कागद पसरलेले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, अगदी शिक्क्यापर्यंत. बाल्कनीत गेले, दोन सिगारेटी ओढल्या, आत आले आणि एवढंच विचारलं, "तारीख कोणती?" तुला सांगून ते स्तोयानकाकांचं छप्पर दुरुस्त करायला गेले होते ना? छप्पर वगैरे काही नव्हतं, आई. स्तोयानकाका गेली दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. तू फोन करून ओरडलीस, "तीन आठवडे कसलं छप्पर? चर्च बांधताय का?" तेव्हा मी शेजारीच होते. हसू आलं आणि छातीत अशी कळ गेली की मी उशी पोटाशी धरून वाकले. बाबा फोनवर हात ठेवून मला दटावत होते, "हसू नकोस, टाके तुटतील," आणि तुला सांगत होते, "काही नाही गं, स्तोयान शिंकला."

डॉक्टरीणबाईने सांगितलेलं सगळं अगदी तसंच झालं, आणि त्यानेच मला फार धीर दिला. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कोणी बसलंय असं वाटलं, पण हे होणार हे माहीत होतं. दोन्ही बाजूंनी नळ्या होत्या, त्यांना लहान बाटल्या. बाबा रोज सकाळी बाटलीतलं पाणी मोजून वहीत लिहायचे, तुझ्या कोंबड्यांची अंडी लिहितात तसं. आठव्या दिवशी नळ्या निघाल्या. मी तीन उशा लावून पाठीवरच झोपायचे. अंथरुणातून उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, तर बाबा माझ्या पाठीखाली हात घालून मला उठवायचे. स्वयंपाकात त्यांना फक्त घेवड्याचं सूप येतं. नऊ दिवस घेवड्याचं सूप. दहाव्या दिवशी मी म्हटलं, बाबा, आता दुसरं काहीतरी करा, तर त्यांनी त्यात अंडं घातलं.

आणि केस. माझेच केस मला धुता येईनात. बाराव्या दिवशी बाबांनी खुर्ची मोरीपाशी उलटी ठेवली, माझ्या मानेखाली टॉवेल घातला आणि तांब्याने पाणी ओतायला लागले. त्यांची बोटं तुला माहीत आहेत, तंबाखूची पानं सुकवून सुकवून झाडाची साल झालेली. पण इतक्या हलक्या हाताने माझ्या सलूनमध्येही कोणी केस धुत नाही. मध्येच त्यांचा हात थांबला. म्हणाले, "रालू, माझी एक मावशी होती. मित्रा नावाची. एकतिसाव्या वर्षी गेली. छातीत गळू झालं होतं म्हणायचे. शेवटी ती सतत शाल घट्ट गुंडाळून बसायची, वास येऊ नये म्हणून. आम्हाला तिच्या खोलीत जाऊ द्यायचे नाहीत." मी डोळे मिटूनच होते. साबण डोळ्यांत जाईल म्हणून नव्हे. ते पुढे म्हणाले, "आजपर्यंत मला हे कधी सुचलंच नाही. खरंच सुचलं नाही, का सुचू दिलं नाही, देव जाणे."

तिसऱ्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा काढलेल्या भागाचा अहवाल आला होता. डॉक्टर कुंचेवांनी तो वर धरून म्हटलं, "स्वच्छ. काही म्हणजे काही नाही." आई, तो शब्द कानात पडल्यावर मी आधी काय केलं असेल? जांभई दिली. इतकी मोठी जांभई, की डॉक्टरीणबाई हसायलाच लागली. नेव्हेना गेल्यापासून मी नीट झोपलेच नव्हते, ते माझ्या अंगाला त्या क्षणी कळलं असावं. त्या दुपारी मी पाच तास झोपले. धोका अगदी शून्य झालेला नाही, पण आता तो रस्त्यावरून चालणाऱ्या कुठल्याही बाईहून कमी आहे, असं त्या म्हणतात. आता इम्प्लांट हळूहळू उतरतायत, मऊ होतायत. थंडीत ते माझ्याआधी गार पडतात आणि माझ्यानंतर गरम होतात. मी कात्री घट्ट दाबली की स्नायू आवळतो आणि ब्लाउजच्या आत दोन्ही इम्प्लांट बाजूंना सरकतात. हेही डॉक्टरीणबाईने आधीच सांगितलं होतं. काल आरशात ते पाहून मला ओशाळं वाटलं, पण खुर्चीतली बाई स्वतःच्या केसांकडेच बघत होती. लोक स्वतःकडेच बघतात, आई.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. त्या तपासणीच्या दिवशी मी उठले तरी बाबा उठेनात. बाही वर करून डॉक्टरांना म्हणाले, "माझं रक्त घ्या." त्याचा निकाल गुरुवारी आला, तो घ्यायला बाबा पुन्हा इथे आले. तो दोष बाबांच्या रक्तात आहे. आई, तो त्यांच्याकडून आला. तुझ्याकडून नाही. नेव्हेनाला पुरून आलो त्या दिवशी आजी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आमच्या घरात असलं कधी नव्हतं, हे तुझ्या माहेरचं," आणि तू पातेलं घासत राहिलीस, घासून झालेलं पातेलं पुन्हा घासत राहिलीस. त्यानंतर तू मला कधीच लग्नाचं, मुलाचं विचारलं नाहीस. एकदाच म्हणालीस, आपल्याकडून पुढे काही जायला नको. ते "आपल्याकडून" तू तीन वर्षं एकटीने उचललंस, आणि बाबा त्या दिवशी गप्प बसले होते. आता ते माझ्या दारात बूट घालून उभे आहेत, हे पत्र त्यांच्याच हातून येणार आहे. मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना तिला. म्हणाले, "तोंड नाही माझं. तू लिही. आईला, म्हणजे तुझ्या आजीला, मी सांगेन. आजच सांगेन, सगळ्यांसमोर बोलली होती तर सगळ्यांसमोर सांगेन." डॉक्टरांनी त्यांनाही दरवर्षी तपासणीला यायला सांगितलंय, तेवढं तू लक्षात ठेव, ते विसरतील. तू हे वाचतेस तेव्हा ते अंगणात असतील, काहीतरी काम करत असल्याचं सोंग करून. थोडा वेळ थांबव हवं तर, तुझा हक्कच आहे. पण मग त्यांना आत बोलाव.

तुझीच,
रालित्सा