दोघींचं एकच माप

प्रिय टायवो, लागोसकर झालेल्या माझ्या बहिणी,

शेजारच्या बायकांनी आज निळीचे माठ उघडलेत. सगळ्या गल्लीला तो आंबूस वास आहे, आणि दोरीवरच्या ओल्या कापडांतून येणारं ऊन माझ्या टेबलावर निळं होऊन पडलंय. असं ऊन असलं की मी कात्री हातात धरून नुसती बसते. मोरोलाके मावशी म्हणतात, "बाई, शिवण शिकायला आलीस की झोपायला?" काय सांगणार त्यांना? परवा स्वप्नात ओगुन नदीच्या काठाने एक झगा चालत येत होता. आत कुणीच नव्हतं. त्याला घाईही नव्हती. जाग आल्यावर विसरेन म्हणून मी तो सकाळी आल्या आल्या खडूने टेबलावर काढून ठेवला.

आपल्या लग्नाचे कपडे मीच शिवायचे, हा तुझा हट्ट आईने पुरवला. लाल-सोनेरी हातमागाचे दोन गठ्ठे, अगदी एकसारखे, तिने माझ्या पुढ्यात टाकले. "एक तिचा, एक तुझा. एकाच मांडवात दोन जुळ्या बहिणी आणि दोन जुळे भाऊ! अबेओकुटा गाव तोंडात बोट घालेल." गावाने तिला 'इया इबेजी', जुळ्यांची आई, म्हणावं यातच तिचं सगळं सुख आहे, हे तुला माहीत आहे. त्यात तू निरोप धाडलास, केहिंदे शेजारी नसेल तर मीही लग्नाला उभी राहणार नाही. हा निरोप आई भाजीवालीलासुद्धा ऐकवते. अडिगुन तुझा आणि आयिंदे माझा, हे वाटप कुणी केलं, कधी केलं, मला आठवतच नाही. झोपेत असताना झालं असावं.

तुला आपला जुना शिंपी आठवतो? आई दोघींना घेऊन जायची आणि म्हणायची, "एकीचंच माप घ्या हो, दुसरी तीच आहे." टेपाखाली तू उभी राहायचीस, कारण तू धीट. मी बाकावर बसून चवळीचे वडे खायचे. मग एकसारखे झगे यायचे. तुझा तुला छान बसायचा. माझा काखेत काचायचा आणि एका खांद्यावरून घसरायचा. आई ओरडायची, "नीट उभी राहा गं!" मीही नीट उभी राहायला बघायचे. मला वाटायचं, कपडे असेच असतात.

मावशींकडे पहिल्या दिवशी मी ऐटीत स्वतःसाठी ब्लाउज कापायला घेतला. माप? तोंडपाठ होतं की. मावशी बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे कुणाचं माप आहे?" मी म्हटलं, माझं. त्या म्हणाल्या, "तुझं कसं असेल? तुझा डावा खांदा उतरता आहे, कंबर लांब आहे. या ब्लाउजात राहणारी बाई दुसरीच आहे." आणि त्यांनी मला आरशासमोर उभं करून टेप लावला. टायवो, टेप पाठीवरून फिरला तेव्हा मला रडू आलं. मावशींना वाटलं टाचणी टोचली.

त्यानंतर मी किती कापड वाया घालवलं ते विचारू नकोस. गळा शिवला तर डोकं जाईना, बाही लावली ती उलटी. शिवण्यापेक्षा उसवलंच जास्त. पण हळूहळू कळायला लागलं की मला उंच गळा आवडत नाही, ठळक फुलं आवडत नाहीत, उतरता खांदा लपवायचा नसतो, त्यावर कापड सोडून द्यायचं असतं. तुला चमकदार आवडतं आणि मला फिकं, निळीच्या शेवटच्या पाण्यातलं. हे एवढं साधं, आणि इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मागच्या आठवड्यात आयिंदे त्याच्या झग्यासाठी आला. दारातूनच म्हणाला, "भावाचं माप आहे ना तुमच्याकडे? तेच घ्या. जन्मभर चाललंय." मी म्हटलं, "चाललेलं नाही, मानेवर काच पडलाय बघा." त्याला उभं केलं. खांद्यात तो अडिगुनपेक्षा चांगला दोन बोटं रुंद निघाला. मग म्हणाला, "केहिंदे, खरं सांगू? भावाने होकार दिला आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. म्हणून मीही दिला." माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मी म्हटलं, "माझंही तेच झालं." मग आम्ही असे हसलो की मावशी धावत आल्या. "लग्नाआधी इतकं हसू नये रे, नंतरला काही उरत नाही!"

माणूस चांगला आहे. त्याच्यात खोट काढायला बसले तर मला सापडायची नाही. पण तू अडिगुनचं नाव काढतेस तेव्हा तुझा आवाज बदलतो. मी आयिंदेचं नाव काढते तेव्हा काहीच होत नाही, टायवो. खूप वाट पाहिली.

त्याने आज त्याच्या वडिलांना सांगायचं ठरवलंय आणि मी आईला. आई आधी रडेल, मग ओरडेल, मग तुझं नाव घेऊन मला धमकावेल. तिच्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. सोबतच्या पेटीत लग्नाचा एकच जोड आहे. दुसरा शोधू नकोस, मी तो कापलाच नाही. तुझं माप मला कुणाला विचारावं लागलं नाही, आणि तुझ्या अंगावर तो कसा दिसेल हे मी डोळे मिटून पाहिलंय; तशी सुंदर नवरी या गावात झाली नाही. आपल्याकडे जुळ्यांत मागून जन्मलेली ती थोरली. धाकटीला जग बघायला तीच पुढे पाठवते. थोरलेपणाचा हक्क मी आजवर कधी गाजवला नाही, आज एकदाच गाजवते. माझ्यासाठी हे लग्न मोडू नकोस. मी समोर बायकांत बसलेली असेन, सगळ्यांत मोठ्याने गाणारी. तू एकटी उभी राहा.

तुझीच, आणि आता थोडी माझीही,
केहिंदे