धाकटीच्या यंत्रातलं पाणी

११ जानेवारी, शनिवार

सगळी मेली! एकूण एक!

बसमधून उतरून घरी आले, चपलाही काढल्या नाहीत, थेट मागच्या खोलीत गेले. इन्क्युबेटरचं झाकण शेजारच्या स्टुलावर. काढून ठेवलेलं! आत अंडी जशीच्या तशी. चार-पाचांना चोचीचा टवका उडालेला, पुढे काही नाही. एक फोडून पाहिलं. पिल्लू पूर्ण वाढलेलं, पण कवचाच्या आतला पातळ पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला घट्ट चिकटला होता. वळताच आलं नाही बिचाऱ्याला.

शेवटच्या तीन दिवसांत आत भरपूर दमटपणा लागतो. झाकण उचललं की तो गेला. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन नसतं तर मी घरातून हललेच नसते. जाताना धाकट्या जावेला बजावलं होतं — "वीज गेली तर फोन कर. झाकणाला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी नाही!"

आणि आता ती म्हणते कशी, "ताई, मला वाटलं, जरा हवा लागू द्यावी." हवा!

मास्तरणीची शेवटची अंडी होती ती. मास्तरीण म्हणजे माझी काळी कोंबडी. अंगणात अशी चालायची की बाकीच्या आपोआप मागे रांग धरायच्या. मागच्या महिन्यात कुत्र्याने नेली. तिचं म्हणून जे काही मागे उरलं होतं, ते आज संपलं.

१२ जानेवारी

अंडी लिंबाच्या झाडाखाली पुरली. धाकटी मदतीला आली. "फावडं ठेव तिथे," म्हटलं. ठेवून गेली.

१९ जानेवारी

अबोला चालू आहे. हे म्हणतात, "अगं, अंडीच होती." यांचं बरं आहे! वर आणखी उपदेश — "दोन घरांत एकच भिंत. किती दिवस तोंड फिरवशील?" म्हटलं, भिंत आहे म्हणूनच जमतंय.

मी विसरणाऱ्यांतली नाही. तिलाही एकदा तसंच अंडं फोडून बघावं लागेल, तेव्हाच माझ्या जिवाला थंडावा मिळेल.

२ फेब्रुवारी, रविवार

काय सांगावं! भाऊजींनी बायकोला इन्क्युबेटर आणून दिला. नवा कोरा, पारदर्शक झाकणाचा! शिवाय कुठल्याशा फार्मवरून अंडी. आणि बाईसाहेब संध्याकाळी माझ्याच दारात — "ताई, यातलं मला ओ की ठो कळत नाही. सोबतचा कागद परक्या भाषेत आहे. पाण्याचं तेवढं सांगता का?"

मी चक्क हसले. "ये, बस," म्हटलं. चहासुद्धा टाकला.

खरं काय ते मला झोपेतून उठवून विचारा. पहिले अठरा दिवस बेताचा ओलावा — तळाला पाण्याचे दोन चर असतात, त्यातला एकच भरायचा. अंड्यातलं पाणी हळूहळू उडून जायला हवं. तरच आत हवेचा कप्पा मोठा होतो आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. शेवटचे तीन दिवस मात्र दोन्ही चर भरलेले हवेत.

हे सगळं मी उलटं करून सांगितलं! "पहिल्या दिवसापासून दोन्ही चर काठोकाठ. वर ओला स्पंज. शेवटचे तीन दिवस पाणी काढून टाकायचं, एकदम खडखडीत कोरडं."

म्हणजे आधी आतल्या आत बुडतील. त्यातून वाचलीच तर वाळतील. बी.एस्सी. झाल्याचा इतका उपयोग आजवर कधी झाला नव्हता.

९ फेब्रुवारी

कपडे वाळत घालताना विचारलं, "पाण्याचं काय?" म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते अगदी पाठ आहे." गुणाची गं बाई!

ही पहिल्यापासून अशीच. लग्न होऊन आली तेव्हा मीच ठोकून दिलं होतं, मामंजींना चहा बिनसाखरेचा लागतो. त्यांनी पहिल्याच दिवशी कप परत पाठवला! तिचा चेहरा आठवला की अजून हसू येतं. आणि ते काय एकदाच? पण शहाणी काही झाली नाही. अजून येते, विचारते, मान डोलावते.

१३ फेब्रुवारी

अंडी बघायला बोलावलं. खिडक्या लावून टॉर्चवर एक अंडं धरलं. लाल शिरांचं जाळं, मधे एक काळा ठिपका. हलला.

नजर काढून घेतली.

हवेचा कप्पा मात्र नीट झालेला. अगदी हवा तेवढा! दोन्ही चर भरलेले असताना? झाकण बसत नसणार धड. हल्लीची यंत्रं ही अशी. तेव्हा गप्प राहिले असते तरी पुष्कळ होतं. पण मला लिंबाखालची माती आठवली.

"कप्पा फार मोठा झालाय," म्हटलं. "पाणी कमी पडतंय. आणखी एक स्पंज टाक."

"बरं झालं ताई सांगितलंत."

२१ फेब्रुवारी

आज कोरडं करायचा दिवस. भिंतीपलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. चर धूत असावी. मी इकडे चादरींच्या घड्या घालत होते. एकही घडी वाकडी पडली नाही.

२३ फेब्रुवारी

उद्या ती रडत आली की काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. "अगं, अंडीच होती."

२४ फेब्रुवारी, सोमवार

आली ती हसत. हातात बुटांचा खोका, आत नुसता चिवचिवाट! "एक सोडून सगळी निघाली, ताई!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी किती ठेवलं होतंस?"

"तुम्ही सांगितलंत त्याच्या बरोबर उलट. या घरात आल्यापासून तेच करते. तुमचं ऐकलं की फजिती, उलट केलं की काम फत्ते! म्हणून तर तुम्हालाच विचारते. तुमच्याइतकं खात्रीचं कोण आहे?"

मग खोक्यात बघत, हळू आवाजात — "त्या दिवशी तुम्ही बजावलंत, झाकणाला हात लावायचा नाही. इतकं बजावलंत, ताई, की मला वाटलं, नाही उघडलं तर मरतील."