बिनपाण्याचं आरमार

२३ मार्च

आजच्या दिवसाची नोंद काळ्या शाईत व्हावी. माझ्या समुद्रावर कुरडया वाळत घातल्या आहेत!

समुद्र म्हणजे सोसायटीचं टेबल-टेनिसचं टेबल. निळं, नऊ फूट बाय पाच. त्यावर कोणी टेबल-टेनिस खेळल्याचं कोणालाच आठवत नाही. गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये मी आणि देवाजीभाऊ त्यावर आरमारं लढवतो. आज हॉल उघडला तर समुद्र गायब. शोधत शोधत गच्चीवर गेलो. चार मजले चढवून नेला होता! वर पांढरं फडकं, फडक्यावर कुरडयांच्या रांगा, आणि राखणीला दुसऱ्या मजल्यावरच्या इंदुताई, छत्री उघडून.

"टेबल तुमचं आहे का जी?"

"नाही, सोसायटीचं."

"मंग मी बी सोसायटीतच राहून राहिली."

दर शनिवारी वर्तमानपत्रात अख्ख्या शहराची सालं काढणारा माणूस मी. गच्चीवरून रिकाम्या हाताने खाली उतरलो. खाली देवाजीभाऊ जहाजांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना सांगितलं तर हसून हसून खोकला लागला. "समुद्र उन्हात ठेवला म्हन्ते! आटन ना गा तो!"

२६ मार्च

देवाजीभाऊंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू आहे हे माहीत होतं. इतका पुढे गेलाय हे नव्हतं. त्यांना माहीत होतं.

"गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायचा प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. 'प्रयत्न' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. तेवढ्यावरून काय ते समजलं.

परतताना भाऊ स्कूटरवर मागे बसून, अगदी हवामान सांगावं तसं म्हणाले, "पाईपातून पाहून राहिलो मी. पाईप बारीक होत चालला." मग धंतोलीच्या सिग्नलला — "एकदा सारेच जहाज पान्यात पाहाचे होते गा. वीसच्या वीस."

सिग्नल सुटला, मी स्कूटर पुढे दामटली.

२७ मार्च

वीस जहाजं. सगळी भाऊंनी केलेली. हिंगण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवली, निवृत्तीनंतर हात रिकामे राहीनात. रिफिलींची धुरांडी, बंद घड्याळांची चक्रं, पितळेच्या भंगाराचे बॉयलर. मी परदेशातून नियमांचं पुस्तक मागवलं, चौदा पानांत मराठी केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिणं कोणाच्या तरी उपयोगी पडलं.

समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्यांनी आरमार बाळगायचं तर नावं तरी घरची हवीत. म्हणून त्यांचं मुख्य जहाज 'रामटेक', माझं 'हिंगणा'.

एका कप्तानाला पाच जहाजं झेपतात. आम्ही दोघं. म्हणजे आजवर दहाच पाण्यात, दहा पेटीत. वीस उतरवायची तर आणखी दोन माणसं हवीत. वीस लाखांच्या वर वस्तीच्या शहरात दोन माणसं! कठीण काय त्यात?

६ एप्रिल

कठीण आहे.

सूचनाफलकावर चिठ्ठी लावली होती, पाच जण आले. मी चाळीस मिनिटं बोललो. या खेळातल्या जगात पेट्रोल कधी सापडलंच नाही, सगळं वाफेवर चालतं, जहाजं, विमानं, तोफा, वगैरे. टेबलासोबत खाली आलेलं फडकं परत न्यायला आलेल्या इंदुताई दारातून म्हणाल्या, "म्हणजे कुकर." माझ्या चाळीस मिनिटांचा त्यांनी एका शब्दात निकाल लावला.

एकाने विचारलं, हे मोबाईलवर नाही का? मी म्हणालो, आहे, पण त्याला बोटाव्यतिरिक्त डोकं लागत नाही म्हणून आम्ही खेळत नाही. तो गेला. त्याच्यासोबत त्याचा मेव्हणा गेला. तिसऱ्याच्या शर्टाबद्दल मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. तोही गेला, चौथ्याला घेऊन. ही माझी जीभ! सदरात तिच्यावर माझं पोट भरतं, हॉलमध्ये तिने हॉल रिकामा केला.

उरले सोसायटीचे सचिव रुपराव. ते टेबलाला ओरखडे पडतात का हे तपासायला आले होते.

भाऊ म्हणाले, "तू चूप बस गा. मी दाखवतो." दोन जहाजं मांडली. तोफ डागताना अंतर आधी मापायचं नाही, नजरेने सांगायचं. मग टेप लावायची. चूक इंचाच्या आत असेल तर गोळा लागला, जहाज बुडालं. नाही तर समोरच्याची पाळी, आणि त्याला अंतर आता आयतंच कळलेलं. आणि टेप कोणी धरायची? ज्याच्यावर तोफ डागली त्याने. पुस्तकात असं नाही. ही आमची रीत, भाऊंनी घातलेली.

"सात," भाऊ म्हणाले.

"साडेनऊ हाय," दारातून इंदुताई.

टेप लावली. साडेनऊ.

"तीस वर्षं ब्लाउज शिवले जी. बाई दारातून आत आली का माप समजते."

त्यांना खुर्ची दिली. भाऊंच्या सातकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं.

१३ एप्रिल

इंदुताई येतात. रुपरावही येतात! या खेळात प्रत्येक फेरीला कप्तानाने आपला हुकूम चिठ्ठीवर लिहून पालथा ठेवायचा, मग सगळ्यांचे एकदम उघडायचे. रुपराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची पहिली चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून ठेवतो: "महोदय, उपरोक्त जहाज डावीकडे चार इंच नेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती."

"अहो, कप्तान तुम्ही आहात. परवानगी कोणाला मागता?"

"वर कोणीतरी असंलच ना."

परवानगी येईपर्यंत ते जहाज हलवत नाहीत. दोनदा बुडाले. तिसऱ्या फेरीला इंदुताईंनीच त्यांच्या चिठ्ठीवर 'मंजूर' लिहून सही ठोकली. तेव्हा कुठे आरमार निघालं.

इंदुताई गोळा लागला की "बराबर!" असं ओरडतात. कोणाचाही लागो. पार वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.

जाताना भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "डोळ्याचं यायले सांगू नको. मंग सारे मुद्दाम हारतात."

१४ एप्रिल

जयंती. हुडकेश्वरला भाऊंकडे जेवलो. अंजनावहिनींनी आग्रहाने तिसऱ्यांदा वाढलं. निळ्या झेंड्यांची मिरवणूक गेली, भाऊ फाटकाशी उभे राहून बघत होते. मान इकडून तिकडे, इकडून तिकडे. पूर्वी अशी हलवावी लागत नसे.

२० एप्रिल

पंचेचाळीस अंश. हॉलचा पंखा गरम हवाच फिरवतो. सराव झाला. भाऊंचे पंधरांपैकी तेरा गोळे चुकले. ऊन फार, म्हणाले. इंदुताईंनी कैरीचं पन्हं आणलं होतं. पेला भाऊंच्या हातात देताना थेट बोटांना लावला. त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही.

काय करावं कळत नाही. डॉक्टरला फोन केला. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शब्दसुद्धा न बदलता. पुढच्या रविवारी वीस जहाजं. उशीर नको.

२७ एप्रिल

वीसच्या वीस पाण्यात!

मांडून झाल्यावर भाऊ टेबलाभोवती फिरले. एकेका जहाजाजवळ वाकून, चेहरा वीतभर अंतरावर नेऊन. पूर्ण फेरीला दहा मिनिटं लागली. मग ते म्हणाले, "एकाच वेळी नाही दिसत. पन हायेत सारे." आणि बसले.

मी आणि इंदुताई एका बाजूला, भाऊ आणि रुपराव दुसऱ्या. तीन तास. इंदुताईंनी रुपरावांची चार जहाजं खाल्ली, त्यांनी प्रत्येकाचा लेखी निषेध नोंदवला. शेवटी माझं 'हिंगणा' आणि भाऊंचं 'रामटेक' समोरासमोर. तोफ त्यांची.

"आठ," भाऊ म्हणाले.

टेप माझ्या हातात. लावली. अकरा.

चुकले म्हटलं असतं तर पुढची पाळी माझी, अंतर ठाऊक, 'रामटेक' गेलंच. त्यांचं उरलेलं शेवटचं जहाज. भाऊ माझ्या आवाजाच्या दिशेने कान लावून बसलेले.

"आठ. लागलं," म्हणालो, आणि 'हिंगणा' उचलून पेटीत ठेवलं.

रुपरावांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ हसले. इंदुताई फडक्याची घडी घालत होत्या.

आयुष्यात मी फार कमी चांगल्या गोष्टी केल्या. आज एक केली. झोप छान लागेल.

२९ एप्रिल

भाऊंचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"किती होतं?"

"काय किती?"

"मले तुहं जहाज दिसतच नव्हतं गा. आठ मी असाच बोललो. तोंडात आला तो आकडा. मंग लागलं कसं?"

नशीब, म्हणालो. तेही खोटं.

"इंदुताई काहून चूप बसली मंग? रुपरावाचं बुडलं तरी 'बराबर' म्हन्ते ते बाई. माहा गोळा लागला अन् चूप?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"केसभर फरकासाठी मी आक्खा माल वापस पाठवला हाय. सायब लोकाइच्या तोंडावर. मले मापात खोटं नाही सांगितलं आजपर्यंत कोनी. तू सांगितलं. डोये गेले माहे. अजून काय काय न्याचं हाय तुले?"

फोन ठेवला त्यांनी.

३० एप्रिल

इंदुताई जिन्यात भेटल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "अकरा होतं. मले वाटलं, मर्द मर्द पाहून घेतीन."

"तुम्ही बोलायचं होतं."

"टेप तुमच्या हाती होती जी."

१ मे

फोन केला. अंजनावहिनी म्हणाल्या, झोपले आहेत. मागून भाऊंचा खोकला ऐकू आला.

२ मे

सदर पाठवायचा दिवस. कोरा कागद. लोकांच्या खोटेपणावर वीस वर्षं लिहिलं, एकेकाला सोलून काढलं. स्वतःच्या तीन इंचांवर एक ओळ लिहिता येईना. संपादकाला कळवलं, ताप आहे. बाहेर चव्वेचाळीस, त्यामुळे खोटंही वाटलं नाही.

माफी मागावी तर ते म्हणतील, माप सांग. दुसरा खेळ मांडावा तर मांडणार कसा? पाईप रोज बारीक होतोय. मी दया दाखवली, आणि त्यांच्याकडे जे धड उरलं होतं त्यालाच हात घातला. हे उलटं कसं फिरवतात, माहीत नाही. बहुतेक फिरत नाही.

४ मे

हुडकेश्वरला गेलो. भाऊंपुढे जहाजांची पेटी उघडली. फरशीवर 'रामटेक' आणि 'हिंगणा' मांडली, त्या दिवशी होती तशी. "तुमचा गोळा चुकला होता. पाळी माझी राहिली आहे," म्हणालो. "अकरा."

तोफ त्यांच्यावर, म्हणजे माप त्यांचं. त्यांनी लेथवरची जुनी स्टीलची पट्टी मागवली, खाली बसले, आणि नखाने एकेक खाच मोजत गेले. फार वेळ लागला. मी मदत केली नाही.

"अकराले दोन सूत, पाव इंच कमी," म्हणाले. "बराबर. लागलं." आणि 'रामटेक' आपल्या हाताने उचलून आडवं ठेवलं.