थंडीच्या कोटांचा प्रश्न

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. रोज कामावरून आलो की ते उघडतो, वाचतो आणि परत घडी घालून ठेवतो. बायको म्हणाली, फाटेल आता तो कागद, काय लिहायचं ते लिहून टाका एकदाचं. बत्तीस वर्षं घड्याळाकडे बघत बातम्या लिहिणारा माणूस एका पत्राला चार दिवस लावतोय म्हटल्यावर तिला शंका आलीच असणार. तुझा गुडघा कसा आहे? शाळेच्या त्या सभागृहाला बाहेरून पायऱ्या आहेत, कुणाचा तरी हात धरून चढत जा. दर रविवारी तुम्ही अकरा आया तिथे जमता हे वाचून बरं वाटलं.

तुझ्या टिल्लूची नवी काही बातमी नाही. मी सैन्याच्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो. खिडकीवरचा कारकून भला माणूस आहे. माझं ओळखपत्र बघून उठून उभा राहिला, चहा मागवला, आणि वही माझ्याकडे फिरवून दाखवली. टिल्लूच्या नावापुढे ‘बेपत्ता’ एवढंच लिहिलंय, त्यापुढची जागा कोरी. तुकडीतल्या बाकी दहा जणांचंही तेच. सहा आठवडे झाले. आशा ठेव असं मी तुला लिहिणार नाही आणि सोडून दे असंही नाही. मला दोन्हीचा अधिकार नाही.

मला सारखा उन्हाळ्यातला तो दिवस आठवतो. तो चार दिवसांच्या सुटीवर आला होता. तुझ्या स्वयंपाकघरात पंखा गरगरत होता, आपण दोघं घामाघूम, आणि हा सहा फुटी टिल्लू गळ्यापर्यंत बटणं लावून, जाडजूड लोकरी कोट घालून दारात उभा. लहानपणी बुटका म्हणून ठेवलेलं नाव, पठ्ठ्या ताडमाड वाढला तरी नाव काही वाढलं नाही. तू हसता हसता ओट्याला टेकलीस. काढ ते आधी, उकडून निघशील म्हणालीस. तोही हसला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, मंत्री म्हणतात तीन आठवड्यांत लढाई आटपणार. मग आम्हाला आत्तापासून थंडीचे कोट कशाला वाटलेत? तुम्ही पहिल्या खुर्चीत बसता ना, तेवढं विचारा की.” ताई, इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही संपादकाने कधी दिला नव्हता. मंत्र्याला सुटायला जागाच नव्हती. तू लसूण सोलता सोलता म्हणालीस, विचारच. मी म्हटलं, विचारतो.

आमच्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे. पत्रकार परिषदेत पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची सगळ्यात जुन्या वार्ताहराची, आणि पहिला प्रश्न त्याचा. सात वर्षं ती खुर्ची माझी आहे. पहिला प्रश्न ज्या वाटेने जातो, मागचे सगळे त्याच वाटेने जातात. हेही तुला मीच फुशारक्या मारत सांगितलंय. आणि माझ्या पहिल्या संपादकांची शिकवणही: पहिला प्रश्न साधा टाकावा, माणूस जरा सैल झाला की दुसरा टोकदार.

मंत्र्यांची पत्रकार परिषद झाली त्या गुरुवारी संध्याकाळी तुझा फोन आला. “विचारलंस?” मी म्हटलं, पहिला साधा टाकला गं, नेहमीसारखा, आणि दुसरा विचारणार तोच माईक काढून घेतला. तू एवढी भडकलीस की मलाच तुला शांत करावं लागलं. मग तू ते शेजारणीला सांगितलंस, ती तिच्या बहिणीला, आणि महिन्याभराने आमच्याच छायाचित्रकाराने मला जिन्यात गाठून विचारलं की त्या दिवशी पहारेकऱ्याने तुमचा हात पिरगळला म्हणे, ते खरं का? तो स्वतः त्या खोलीत होता! मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. “त्या दिवशी हात पिरगळण्यासारखा प्रश्नच कुठे होता?” एवढं म्हणून खाली उतरला.

आता खरं सांगतो. त्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा मंत्र्यांच्या माहिती अधिकाऱ्याचा फोन आला. गोड बोलणारा मुलगा आहे, मला दादा म्हणतो. म्हणाला, “दादा, आज प्रत्येकाला एकच प्रश्न हं, साहेबांना निघायचंय.” मग सहज सांगावं तसं म्हणाला की पुढच्या आठवड्यात साहेब आघाडीवर चाललेत, विमानात पत्रकारांसाठी दोनच जागा आहेत आणि तुमचं नाव यादीत वर आहे. धमकी नाही, अट नाही. काय विचारणार, असंही त्याने विचारलं नाही. मी अर्ध्या गालाला साबण लावून उभा होतो आणि मला सगळं कळलं.

म्हणजे दुसरा प्रश्न मिळणार नाही हे खुर्चीत बसायच्या आधीच मला माहीत होतं, ताई. टिल्लूचा प्रश्न वहीत पहिल्याच ओळीवर लिहिलेला होता. माईक हातात आला तेव्हा माझं बोट त्या ओळीवर होतं. आणि मी विचारलं, आपल्या जवानांचं मनोधैर्य कसं आहे? मंत्री सात मिनिटं बोलले. फार छान आहे म्हणाले. माईक नेणारी मुलगी माझ्याकडे बघत क्षणभर थांबली होती, मीच तो तिच्या हातात दिला. कुणी काढून घेतला नाही. मागच्या वीस जणांनी खाण्यापिण्याची सोय, घरच्यांना पत्रं, असंच काहीबाही विचारलं. बाहेर बिस्किटं खाताना सगळे म्हणत होते, आज जरा फिकंच झालं, नाही? मीही म्हणालो.

विमानातून गेलो. तिथे पोरं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या पाठीवर तो कोट गुंडाळून बांधलेला. परत येऊन मी पहिल्या पानावर लिहिलं की सैन्याची तयारी चोख आहे, थंडीच्या कपड्यांची सोयसुद्धा आधीच झालेली आहे. जो प्रश्न होता, त्याचं मी कौतुक करून टाकलं. ते कात्रण तू कपाटाच्या दारावर चिकटवलंयस. तुझ्याकडे आलो की त्या कपाटाकडे मी पाठ करून बसतो, तुझ्या लक्षात आलंय का माहीत नाही. तीन आठवड्यांचे पाच महिने झाले.

तुला आठवतं, वाण्याकडून आणलेली साखर कमी भरली की तू मला परत पाठवायचीस? “जा, विचारून ये.” स्वतः कोपऱ्यावर उभी राहायचीस. मी दुकानाच्या मागून एक चक्कर मारून यायचो आणि सांगायचो, विचारलं, वजन बरोबर आहे म्हणाला. तू एकदाही शंका घेतली नाहीस. आईलासुद्धा ठणकावून सांगायचीस, तो विचारून आलाय. मी कधीच विचारलं नव्हतं गं. मला त्या माणसाच्या कपाळावरच्या आठीची भीती वाटायची. आता पन्नाशी उलटली, तरी तू अजून कोपऱ्यावर उभीच आहेस.

पुढच्या मंगळवारी पुन्हा पत्रकार परिषद आहे. वहीच्या पहिल्या ओळीवर मी अकरा नावं लिहून ठेवली आहेत, आणि ही मुलं कुठे आहेत, एवढंच त्यापुढे. विचारीन असं वचन मी तुला देणार नाही. माझ्या शब्दावर तू आजवर पुष्कळ विश्वास ठेवलास. वर्तमानपत्र बघ, त्यात काय ते दिसेल.

तू लिहिलंस, “या बायकांना तुझ्याबद्दल मी सांगितलंय की सगळ्या देशात माझ्या भावाने एकट्याने विचारायची हिंमत केली. तेव्हा त्या दिवशी काय झालं ते तुझ्या हाताने लिहून पाठव, मी रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवते.” चार दिवस मी तेच लिहायला बसत होतो आणि हात पिरगळल्याची गोष्टच कागदावर उतरत होती. शेवटी आज हे लिहिलं. ताई, तू मागितलेला कागद हाच. रविवारी हाच वाचून दाखव. तुझा आवाज अडखळला तर दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे, पण मधलं काही गाळू नकोस, गाळायचं काम मी फार केलंय. त्यानंतर मला ये म्हणायचं की नाही, ते तुम्ही अकरा जणी ठरवा. तू ये म्हणालीस तर येईन आणि सभागृहाच्या त्या पायऱ्यांशी उभा राहीन.

तुझाच,
धाकटा