विहिरीकडची करडई

राई, भाईंदर
९ फेब्रुवारी २००५

प्रिय उत्तम,

तुझं पत्र मिळालं. सगळं ठीक, करडई झकास, काळजी नसावी. मी चौथी शिकलेली असले तरी खोटं वाचता येतं मला. त्याच संध्याकाळी तुझ्या बायकोचा, आशाचा, खालच्या दुकानात फोन आला. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. दुकानदार सारखा घड्याळ बघत होता. त्याला म्हटलं, भैया ठहरो, मेरे भाई ने अक्कल बेच खाई है.

गेल्या साली माव्याची कीड पडून गावाची करडई गेली, तुझीही गेली. विमा सगळ्यांनी उतरवलेला. कापणीला सरकारी माणसं आली. चार-सहा शेतांत दोरीनं चौकोन आखायचा, तेवढंच कापून वजन करायचं आणि त्यावरून आख्ख्या भागाचा विमा ठरवायचा, अशी त्यांची रीत. त्यात तुझंही शेत निघालं. करडईचे काटे टोचतात म्हणून ती बिचारी बांधावरच उभी राहिली. आणि तू? वाळकं रान दाखवायची लाज वाटली म्हणून हात धरून त्यांना विहिरीकडं नेलंस. तेवढाच तुकडा कमरेएवढा उभा होता! वर पिठलं-भाकरी वाढलीस. मग कागद आला, पीक चांगलं, भरपाई नाही. कुणालाच नाही. गाव तुझ्याशी बोलेल कसं?

पण तुला तरी किती शिव्या घालू? खोडच आहे आपल्या घराची. मला बघायला पाहुणे आले तेव्हा दादांनी शेजाऱ्यांचे बैल आणून आपल्या गोठ्यात बांधले होते. लग्नानंतर सासू वर्षभर विचारायची, तुमचे ते खिल्लारी कुठं गेले गं? मी सांगायची, चरायला गेलेत. इथंसुद्धा कुणी आलं की मी फुटका कप मागं लपवते. तेव्हा तू एकटाच शहाणा नाहीस.

यंदा पिकाचा पालट म्हणून विहिरीकडं हरभरा घेतलास आणि करडई खालच्या रानात गेली. आशा म्हणते चांगली आलीय, पण वाळून उभी आहे आणि कापायला गावातलं एक माणूस येत नाही. तुम्ही दोघं किती कापणार? एकदा गारा पडल्या की संपलं. आणि तू मला लिहितोस, काळजी नसावी! मेल्या, मी काय सरकारी माणूस आहे, मलाही विहिरीकडचाच तुकडा दाखवतोस?

म्हणून लिहितेय. शनिवारच्या एसटीनं येतेय. कारखान्यात पत्रा उचलायला देतात ते जाड हातमोजे चार जोड मागून घेतलेत. शेजारची शेवंती पण येतेय. इथल्याच मुर्धा गावची कोळीण ती, म्हणते, मासं साफ करून हात मेलाय माझा, करडईचा काटा काय करनार हाय? पहाटे दवात काटे नरम असतात तोवर कापू. कापून झालं की पारावर जाऊन चारचौघांत चुकलो म्हणायचं. मी शेजारी उभी राहीन. आणि ऐक, मी येतेय म्हणून कुणाचे बैल आणून बांधू नकोस.

तुझीच,
सरूआक्का