दोन पट्ट्यांना दोन डबे

तीर्थस्वरूप दादांना,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार अक्षरशः साष्टांग आहे. पंधरा दिवसांपासून कंबर धरली आहे आणि हे पत्र मी कापड बेतायच्या टेबलावर पालथा पडून लिहितो आहे. कंबर का धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? रक्तदाबाच्या गोळ्या आता वहिनींच्या ताब्यात आहेत ना, की अजून रेडिओच्या सुट्या भागांच्या डबीतच असतात? मागे एकदा तुम्ही गोळी म्हणून फ्यूज तोंडात टाकला होता आणि वर पाणी पिऊन "आज गोळी कडू नाही" असं म्हणाला होता, तेव्हापासून मला जरा धास्तीच आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमची बहीणही खुशाल आहे. फक्त रोज सकाळी, माझ्याकडे न बघता, "दादाचा फोन आला होता का?" असं विचारते. चौदा महिने मी "नाही" म्हणतो आहे. एवढा सराव होऊनही ते म्हणायला जड जातं.

त्या शर्यतीनंतर तुम्ही क्लबात येणं सोडलं, ते मी समजू शकतो. पण बहिणीच्या घराचीही पायरी चढला नाहीत, हे जरा अतीच झालं. रुसायचा मान खरं तर माझा. मी जावई. तो मान तुम्ही परस्पर उचलून नेलात आणि मला नुसताच समजूतदारपणा उरला, जो मला पहिल्यापासून आखूड होतो. असो. हे पत्र त्या विषयावर नाही. हे पत्र निव्वळ तांत्रिक स्वरूपाचं आहे आणि ते तुम्ही तसंच घ्यावं.

तर क्लबातला जुना चार्जर तीन आठवड्यांपूर्वी जळाला. (वहिनी, तुमच्या ह्यांना चष्मा सापडत नाही म्हणून पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार, तेव्हा तुमच्यासाठी सांगतो. सायकल दुकानाच्या माडीवर आमचा तो मोठा लाकडी ट्रॅक आहे, त्यावर दोन पट्टे आहेत आणि दर पट्ट्यात एक खाच. एकेका खाचेतून एकेक वीतभर गाडी पळते. खाचेच्या कडेच्या तांब्याच्या फितींतून गाडीच्या मोटरला वीज मिळते, आणि हातातला खटका दाबू तशी गाडी पळते. ती वीज पुरवणारा जो डबा, तो जळाला. म्हातारी माणसं दर रविवारी तिथं काय करतात, हा तुमचा जुना प्रश्न यानं सुटणार नाही, पण पुढचं कळेल.) धूर निघाला, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि सगळे सभासद एकदम तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागले. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "त्यात काय, डबा मी बनवतो." आमचे चिटणीस घड्याळजी भिंगातून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. बिघडलेलं घड्याळ बघतात तसे.

चाळीस वर्षं पँटी शिवलेल्या माणसाला हे जमणार नाही असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, म्हणून तर मी पुढे गेलो. तारांच्या जोडणीचा नकाशा हवा होता. तुम्ही दोन वर्षांपूर्वी कॅलेंडरच्या पाठीवर काढून दिलेला नकाशा मला नीट आठवत होता, कारण ट्रॅकचा एक पाय डुगडुगत होता आणि आपण (म्हणजे मी) त्या नकाशाची आठपदरी घडी घालून तो पायाखाली सारला होता. तो काढायला ट्रॅकखाली शिरलो आणि तिथंच कंबर धरली. घड्याळजींनी आणि सायकलवाल्यानं पाय धरून बाहेर ओढलं, पण नकाशा मी सोडला नाही. त्याच्या माथ्यावर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: "दोन पट्ट्यांना दोन डबे." खाली रेघ. त्याखाली आणखी एक रेघ.

ते वाक्य तुम्ही क्लबाच्या सभेतही मांडलं होतं आणि मी उठून म्हणालो होतो की एका मशिनवर पँटही होते आणि शर्टही होतो, मग एका डब्यावर दोन गाड्या का नाही? सगळे हसले आणि विषय संपला. आताही मी तेच केलं. नकाशात दोन डबे होते, मी एकच करायला घेतला. कापड वाचवायची सवय, दुसरं काय.

भंगारवाल्याकडून जुन्या अॅम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर आणला. (चांगल्या मापाचे दोन मिळाले, म्हणून दोन्ही उचलले.) चार डायोड आणि एक अंगठ्याएवढा कॅपॅसिटर घेतला. तारा कापताना दर तारेला शिलाईसाठी दीड इंच जादा सोडला, त्यामुळे डब्यात तारांचा एवढा गुंता झाला की झाकण बसेना. सोल्डरिंग करण्याआधी सगळे जोड नुसते पिळून घेतले, म्हणजे आधी धावदोरा आणि मग पक्की शिलाई. तुमच्या बहिणीनं मला रबरी चपला घालायला लावल्या आणि स्वतः लाकडी मोजपट्टी घेऊन मेन स्विचपाशी उभी राहिली. मी चिकटलो तर आधी स्विच पाडायचा, आणि तो पडला नाही तर मला पाडायचं, असं ठरलं होतं. तिचा उत्साह बघता मला दुसऱ्या भागाचीच भीती जास्त वाटत होती.

आता चूक सांगतो. नकाशा मी खडूनं फळीवर उतरवून घेतला. तुम्हाला ठाऊकच आहे, आम्ही कापड नेहमी उलट्या बाजूवर आखतो, खडूचे डाग सुलट बाजूला दिसू नयेत म्हणून. हात आपोआप तसाच चालला. फळीच्या मागच्या बाजूला आखणी केली, फळी पालथी केली आणि पुढच्या बाजूला सामान बसवलं. काम इतकं सुबक दिसत होतं की मी तुमच्या बहिणीला हाक मारून दाखवलं. फक्त डावं ते उजवं झालं होतं आणि उजवं ते डावं. पँटीत हे चालतं, कारण शिवून झाल्यावर ती आपण उलटवतो. कॅपॅसिटर काही उलटवून घेत नाही. स्विच दाबल्यावर तो अर्धा मिनिट गप्प बसला, मग कोमट झाला आणि मग फाट्‌कन फुटला. त्याच्या पोटातून इतका कागदी भुसा निघतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो सगळा शेजारच्या सांगाड्यावर चढवलेल्या वकीलसाहेबांच्या काळ्या कोटावर बसला. दुसऱ्या दिवशी त्यांची तारीख होती. दुपारभर आम्ही नवराबायको चिमट्यानं कोट वेचत होतो आणि तुमची बहीण एक शब्द बोलली नाही. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता, तेव्हा ती काय काय बोलली नसेल ते तुम्हाला कळेलच.

दुसरा कॅपॅसिटर मी फिरवून बसवला. तो फुटला नाही म्हणून सगळंच सुधारलं असं समजून डबा क्लबात नेला. बाहेर जाणाऱ्या दोन तारा मात्र अजून खडूच्या खुणांप्रमाणेच होत्या. घड्याळजींनी त्यांची लाल गाडी खाचेत ठेवली, खटका दाबला आणि गाडी जोरात मागे गेली. मागच्या मागे वळणावर सुटली आणि थेट त्यांच्या चहाच्या कपात. ते चिडले नाहीत. गाडी चहातून काढून रुमालानं पुसत एवढंच म्हणाले, "काटे उलटे फिरले तर मी दुरुस्त करतो. यातलं मला कळत नाही."

तारांची अदलाबदल केली आणि दादा, गाड्या सरळ पळाल्या! मला इतका आनंद झाला की कंबर विसरून मी उडीच मारली. तो आनंद सहा फेऱ्या टिकला. सातव्या फेरीत घड्याळजींची गाडी खाचेतून सुटली आणि त्याच क्षणी, वळणावर असलेली माझी गाडी उसळून भिंतीवर आदळली. मी खटका जरासुद्धा जास्त दाबला नव्हता. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तुमच्या बहिणीला मीटर धरायला बोलावलं. ट्रॅकवर गाडी नसताना सतरा व्होल्ट, एक गाडी पळताना तेरा, दोन्ही पळताना अकरा. एक उचलली की दुसरीवर परत तेरा. म्हणजे एक गाडी पडली की तिच्या वाटणीचा जोर दुसरीच्या अंगात शिरतो, आणि ती नेमकी वळणावर असली तर गेलीच. तुमच्या बहिणीनं आकडे बघितले, म्हणाली, "दादा हेच सांगत होता," मीटर माझ्या हातात दिला आणि जिना उतरून घरी गेली.

तेव्हा त्या शर्यतीबद्दल आता असं नोंदवावं लागेल. शेवटची फेरी होती आणि तुम्ही पाऊण फेरीनं पुढे होता. माझी गाडी खाचेतून सुटली आणि त्याच क्षणी वळणावरची तुमची गाडी उडून जमिनीवर पडली आणि तिचा आस मोडला. माझी घड्याळजींनी उचलून परत खाचेत ठेवली आणि मी जिंकलो. तुम्ही म्हणालात, डब्याचा दोष आहे, शर्यत परत घ्या. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, वय झालं तुमचं, बोट जड झालं. डब्याला कशाला नावं ठेवता?" लोक हसले. तुम्ही मोडकी गाडी खिशात घातली आणि निघून गेलात. आता शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध झालं आहे की दोष डब्याचाच होता. तसं मी क्लबाच्या वहीत लिहून खाली सही केली आहे. अज्ञानापोटी माणसाकडून चूक होते, ती तुम्ही पोटात घालावी.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा, जिने जपून चढा, आणि आमच्यावरची माया आटली नसेल तर ती तशीच राहू द्या.

तुमचा मेहुणा

ता. क. तुमची बहीण विचारते आहे की तुमच्या निळ्या सदऱ्याची कॉलर विरली असेल, ती उलटवून द्यायची का? (काम मीच करणार आहे, पण विचारायला सांगितलं तिनं.)

ता. क. दुसरा. उरलेल्या ट्रान्सफॉर्मरला मी हात लावलेला नाही. त्याला पहिल्यासारख्या चार नाहीत, पाच तारा आहेत आणि दोन पिवळ्या तारांचं काय करायचं ते तुमच्या नकाशात मला लागत नाही. आठपदरी घडीमुळे नेमका तोच कोपरा फाटला आहे. दुसऱ्या पट्ट्याचा डबा होईपर्यंत क्लबात शर्यती बंद आहेत, आम्ही एकेक जण गाडी पळवतो आणि बाकीचे बघत बसतात. फार कंटाळवाणा प्रकार आहे.

ता. क. तिसरा. वहिनी, हे मोठ्यानं वाचा, कारण मी बोललो होतो तेही मोठ्यानंच. वर अज्ञान म्हणून लिहिलं आहे ते खरं नाही. त्याच शर्यतीत चौथ्या फेरीला दादांची गाडी खाचेतून सुटली होती. तेव्हा माझी सरळ भागावर होती. माझं बोट होतं तिथंच होतं आणि गाडी आपोआप सुसाट सुटली. सरळ रस्ता होता म्हणून वाचली. दादा, मला तेव्हाच कळलं होतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. शर्यत परत घेतली असती तर मी हरलो असतो, म्हणून तुमच्या बोटाला नाव ठेवलं. माझं चुकलं. क्लबात नाही आलात तरी चालेल, घरी या.